दार आणि कपाट एकाच पेटीत

2000 च्या सुमारास पुण्यातल्या छोट्या कचेऱ्यांत सर्व्हर म्हणजे बहुतेक वेळा साहेबांनी नवा संगणक घेतल्यावर उरलेला जुना पेंटियम. त्यात दुसरं लॅनकार्ड बसवायचं, मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकायचं आणि पेटीला दोन कामांना जुंपायचं: एका टेलिफोन लाइनीवरचं इंटरनेट सगळ्यांना वाटणं आणि सगळ्यांच्या फायली सांभाळणं. दोन मशिनं परवडत नसत. मी अशा पेट्या बरीच वर्षं लावल्या.

विंडोजच्या संगणकांना लिनक्सवरच्या फायली दाखवायला सांबा. अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1991 च्या अखेरीस कॅनबेरात सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट होतं, पण रुसायचं फार. विंडोज 95 मुकाट आत शिरायचं; 98 ला मात्र बरोबर पासवर्ड देऊनही प्रवेश नाही. 98 पासवर्ड एन्क्रिप्ट करून पाठवायचं आणि सांबा तो उघडा येईल असं धरून चालायचा. कॉन्फिग फायलीत एक ओळ बदलून प्रत्येकाचा पासवर्ड पुन्हा भरला की भागायचं. विंडोजलाच उघडा पासवर्ड पाठवायला लावणारा सोपा उपायही होता. तो मला कधी पटला नाही.

इंटरनेट वाटायचं काम लिनक्सच्या फायरवॉलचं. 2001 मध्ये लिनक्सच्या 2.4 कर्नलबरोबर त्यातलं आयपीचेन्स जाऊन आयपीटेबल्स आलं, नियम नव्याने लिहावे लागले. खरा छळ ब्रॉडबँडने केला. पिंग व्यवस्थित, गूगल उघडतंय, पण काही साइट अर्ध्यावर लटकलेल्या. तेही फक्त आतल्या संगणकांवर. पेटीवरून सगळं झकास. इथरनेटचं पाकीट 1500 बाइटचं, ब्रॉडबँड जोडणारं पीपीपीओई त्यातले 8 खातं, उरतात 1492. ‘पाकीट छोटं कर’ हा निरोप पलीकडचा सर्व्हर सुरक्षेच्या नावाखाली अडवायचा, आणि मोठी पाकिटं वाटेतच गडप. तुकडे न करता पाठवलेलं 1464 बाइटचं पिंग जातं, 1465 चं अडतं, एवढं दिसलं की निदान पक्कं. आयपीटेबल्समध्ये एमएसएस, म्हणजे एका पाकिटातल्या मजकुराची मर्यादा, 1452 वर बांधायची, काम फत्ते.

पण बाहेरचं दार आणि फायलींचं कपाट एकाच पेटीत असणं ही गोष्ट मुळातच वाईट होती. सांबाला फक्त आतल्या कार्डावर ऐकायला लावणं आणि त्याचं 445 पोर्ट बाहेरून बंद ठेवणं, हे अनेक जण करतच नसत. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजमधल्या एसएमबी 1 ची, म्हणजे सांबाही बोलतो त्या फायली वाटण्याच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीची, लाज काढली, आणि त्याच महिन्यात सांबातही मोठं भगदाड सापडलं. तोवर बहुतेक ठिकाणी दाराचं काम छोट्या राउटरकडे गेलं होतं, ते बरंच झालं.

पुढे विंडोज 10 ने आणि 2019 मध्ये सांबा 4.11 ने एसएमबी 1 डिफॉल्ट म्हणून बंद केलं. मग नवी तक्रार: कोपऱ्यातलं जुनं झेरॉक्स मशीन स्कॅन केलेलं फोल्डरमध्ये टाकेना, कारण त्याला दुसरी भाषाच येत नाही. त्याच्यापुरतं एसएमबी 1 पुन्हा चालू करा, असा आग्रह दर वेळी होतो. मी नाही म्हणतो आणि स्कॅन पेनड्राइव्हवर घ्यायला सांगतो.