रहस्यकथांची दूरचित्रवाणी-रूपांतरे
अभिजात रहस्यकथांवरून दूरचित्रवाणीसाठी रचलेली नाट्ये व मालिका. मूळ कथेतील गुन्हा, त्याचे धागेदोरे आणि अन्वेषकाने केलेला उलगडा हा सांगाडा अशा रूपांतरात सामान्यतः कायम ठेवला जातो. निवेदनाची पद्धती मात्र बदलावी लागते. रूपांतराचे यशापयश बव्हंशी ह्या बदलावरच अवलंबून असते.

दूरचित्रवाणी प्रायोगिक अवस्थेत असतानाच ह्या प्रकारास प्रारंभ झाला. ॲगाथा क्रिस्ती (१८९०–१९७६) हिच्या एर्क्यूल प्वारो ह्या अन्वेषकाचे ‘वॉस्प्स नेस्ट’ हे नाट्य बी. बी. सी.ने जून १९३७ मध्ये लंडनहून सादर केले. ते लेखिकेने स्वतःच रचले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे एन. बी. सी.ने आर्थर कॉनन डॉयल (१८५९–१९३०) याच्या शेरलॉक होम्सवरील ‘द थ्री गॅरिडेब्स’ ही कथा सादर केली. जुन्या सादरीकरणांपैकी फारच थोडी जतन झाली. पीटर कुशिंग याची भूमिका असलेल्या बी. बी. सी.च्या १९६८ मधील होम्स-मालिकेच्या १६ भागांपैकी केवळ ६ भाग आज पूर्णावस्थेत उपलब्ध आहेत.

निवेदनाचा प्रश्न : अभिजात रहस्यकथा हा लेखक व वाचक यांच्यामधील एक नियमबद्ध बौद्धिक खेळ मानला जातो. रॉनल्ड नॉक्स ह्या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये त्याचे दहा नियम सांगितले. अन्वेषकास सापडलेला प्रत्येक धागा वाचकापुढे तत्काळ ठेवला पाहिजे आणि त्याच्या सहकाऱ्याने आपल्या मनातील विचार वाचकापासून लपवू नयेत, असे दोन नियम त्यांत आहेत. होम्सच्या कथांत हे साधते, कारण बहुतेक कथा डॉ. वॉटसन सांगतो. तो बरेच काही पाहतो व प्रामाणिकपणे नोंदवितो. पण त्यांतील महत्त्वाचे कोणते, हे त्याला उमगत नाही. त्यामुळे मोलाचा तपशील इतर दहा तपशिलांत मिसळून जातो. कॅमेऱ्यास ही सोय नसते. एखादी वस्तू जवळून दाखविली, की तिचे महत्त्व उघड होते. दाखविलीच नाही, तर प्रेक्षकावर अन्याय होतो.

‘सिल्व्हर ब्लेझ’ (१८९२) ह्या कथेत रात्री कुत्रा भुंकला नाही, ही न घडलेली गोष्टच उलगड्याची किल्ली ठरते. हकीकतीच्या ओघात ती वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. पडद्यावर ती रात्र प्रत्यक्ष दाखवावी, तर तबेल्यात शिरणारा माणूसही दाखवावा लागतो. केवळ संवादातून सांगावी, तर दृश्य माध्यमाचे बळ वाया जाते. अशा अडचणींतूनच प्रथम सावली, हात किंवा पाठमोरी आकृती एवढेच दाखवून अखेरीस तोच प्रसंग पूर्णपणे पुन्हा दाखविण्याची पद्धती रूढ झाली. क्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) ह्या कादंबरीत ही अडचण पराकोटीस पोहोचते. तिच्यातील रहस्य निवेदकाने काय सांगितले व काय गाळले, यावरच उभे आहे. २००० मधील दूरचित्रवाणी-रूपांतरात कथन प्वारो वाचत असलेल्या एका रोजनिशीकडे सोपविण्यात आले. कथानक टिकले, परंतु वाचकाला मिळणारा मूळ धक्का पडद्यावर त्याच स्वरूपात उतरू शकला नाही.

सहकाऱ्याचे स्थान : निवेदन काढून घेतले, की वॉटसनला काम उरत नाही. १९३९–४६ मधील चित्रपटांत नायजेल ब्रूस याने त्याला विनोदी व गोंधळलेला केला. ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या मालिकेने (१९८४–९४; ४१ भाग) ही परंपरा मोडली. जेरेमी ब्रेट (१९३३–९५) याच्या होम्ससोबत डेव्हिड बर्क व नंतर एडवर्ड हार्डविक यांनी वॉटसन हा समंजस डॉक्टर व माजी सैनिक म्हणून उभा केला. तो जे पाहतो तेच प्रेक्षकही पाहतो. अशा रीतीने निवेदकाची जागा अभिनेत्याने भरून काढली. मूळ कथांसाठी सिडनी पॅजेट याने ‘स्ट्रँड’ मासिकात काढलेल्या चित्रांवरून ह्या मालिकेतील अनेक दृश्ये बेतली होती.

इतर प्रमुख मालिका : जोन हिक्सन हिने मिस मार्पलच्या सर्व १२ कादंबऱ्यांच्या रूपांतरांत (१९८४–९२) भूमिका केली. डेव्हिड सूशे याने १९८९ ते २०१३ या काळात ७० भागांतून प्वारो साकारला. सोव्हिएट दिग्दर्शक ईगॉर मास्लेनिकॉव्ह याच्या होम्स-मालिकेत (१९७९–८६) व्हसिली लिव्हानॉव्ह याची भूमिका गाजली. तिच्यासाठी रीगा शहरातील एका गल्लीस बेकर स्ट्रीटचे रूप देण्यात आले होते. बी. बी. सी.च्या ‘शेरलॉक’ (२०१०–१७) ह्या मालिकेने कथा वर्तमानकाळात आणून होम्सचे विचार पडद्यावर अक्षरांनी उमटविले. तीत प्रेक्षक वॉटसनच्या नव्हे, तर होम्सच्या बाजूने पाहतो. तर्काचा वेग जाणवतो, पण स्वतः तर्क करण्यास उसंत थोडी मिळते.

भारतात शरदिंदू बंदोपाध्याय (१८९९–१९७०) यांच्या बंगाली कथांवरून बासू चतर्जी यांनी दिग्दर्शित केलेली ‘ब्योमकेश बक्षी’ ही हिंदी मालिका दूरदर्शनवरून १९९३ मध्ये व पुढे १९९७ मध्ये प्रसारित झाली. स्वतःस गुप्तहेर न म्हणविता ‘सत्यान्वेषी’ म्हणविणाऱ्या ब्योमकेशची भूमिका रजित कपूर यांनी, तर मूळ कथांचा निवेदक असलेला लेखकमित्र अजित याची के. के. रैना यांनी केली. पाठलाग व मारामारी यांना गौण स्थान देऊन संशयितांशी होणारे संभाषण प्रेक्षकास पुरते ऐकू देणे, हा तिचा विशेष होय. पुराव्याचा विचार करण्याची संधी प्रेक्षकास मिळाली, तरच रहस्यकथेचे रूपांतर तिच्या मूळ प्रकृतीशी इमान राखते, हे अशा मालिकांवरून दिसून येते.