आजऱ्यात ‘फिरा आणि चाखा’ टूर: किती माणसांवर परवडते?

बँकॉकमध्ये गाईड पर्यटकांना देवळं, बाजार फिरवतो आणि मध्येमध्ये गाड्यावरचं पॅड थाई, मँगो स्टिकी राइस चाखायला देतो. लोक पैसे देतात ते नुसत्या खाण्याचे नाहीत, सोबतच्या माहितीचेही. आपल्या आजऱ्यात हे जमेल का? जमेल.

दाखवायला रामतीर्थ, हिरण्यकेशी नदी, रवळनाथ मंदिर. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत इथलेच. चाखायला जीआय मानांकन मिळालेला आजरा घनसाळ, नाचणीची भाकरी, तांबडा-पांढरा आणि काजू.

आता हिशोब. आकडे उदाहरणादाखल धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

- गाडी ८०० + गाईड ५०० = १३०० रुपये (एकच माणूस आला तरी हा खर्च आहेच)
- खाणं माणशी २२०
- दर माणशी ६००

म्हणजे माणशी ३८० उरतात. ३ जण आले तर ११४०, खिशातले १६० गेले. ४ आले तर २२० सुटले. ६ आले तर ९८०. म्हणून चौघांच्या खाली टूर काढायची नाही. हे बुकिंगलाच सांगा आणि अॅडव्हान्स घ्या.

दोन गोष्टींत तडजोड नको. जेवण करणाऱ्या ताईंची फूड नोंदणी हवी. आणि पावसाळ्यात नदी भरून वाहत असेल तर रामतीर्थाची फेरी रद्द, पैसे परत. एक दुर्घटना झाली की धंदा संपला.

आधी ओळखीच्या चौघांना फिरवून आणा, वेळ आणि खर्च वहीत लिहा. दर त्यानंतर ठरवा.