फोनवरच्या बोलण्याचा रोजमेळ

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्याच्या घरी तीन पिढ्या रोजमेळ लिहिला जातो. चहाचे दहा रुपयेही त्यातून सुटत नाहीत. गेल्या हिवाळ्यात घरातील अण्णांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया मिरजेस झाली. एक हिशेब आपण कधीच ठेवला नाही, हे तेव्हा या घराच्या ध्यानी आले. फोनवर कोण, कधी, काय बोलले, याचा तो हिशेब.

आरोग्य विमा होता. हप्ता एकदाही चुकला नव्हता. सकाळी साडेदहाला डॉक्टरांनी घरी जाण्यास अनुमती दिली. त्यानंतर सूनबाईंनी कानाला लावलेला फोन सायंकाळपर्यंत सुटला नाही. रुग्णालयाचा विमा कक्ष म्हणे, अंतिम बिल कंपनीकडे पाठविले. कंपनीचे मदत केंद्र म्हणे, आमच्याकडे काहीच आलेले नाही. एक दाबा, तीन दाबा, मग संगीत. आणि प्रत्येक खेपेस नवा आवाज, ज्याला सारी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागे. (हे संगीत निवडणाऱ्यास रुग्णाच्या उशाशी कधी बसावे लागले नसावे.) पुढे सांगण्यात आले की, विमाधारकानेच बोलले पाहिजे. अण्णांना ऐकू कमी येते. ओटीपी मागितला, तर तो पेढीवर दिवाणजींकडे गेलेला, कारण अर्ज भरताना पेढीचाच क्रमांक दिलेला होता. दिवाणजींना चष्मा सापडेपर्यंत त्याची मुदत संपली.

"सूनबाई, पैसे भरून मोकळे होऊ. दिवस मावळायच्या आत घरी जेवण झाले म्हणजे पुरे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, हप्ते आपण भरलेत. जरा थांबा," असे म्हणून त्यांनी पिशवीतून किराण्याच्या यादीची वही काढली. तिथून पुढे प्रत्येक फोनची वेळ, बोलणाऱ्याचे नाव, त्याने दिलेला संदर्भ क्रमांक आणि उत्तर, अशा नोंदी सुरू झाल्या. विमा कक्षाकडून त्यांनी पाठविलेल्या ईमेलची प्रतही मागून घेतली. तीवर वेळ होती ११.१०. कंपनी मात्र पावणेदोन म्हणत होती.

ही वेळ इतकी मोलाची का? भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यावयाचा असतो. रुग्णास घरी सोडण्याची विनंती रुग्णालयाकडून मिळाली की, अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून विलंब झाला आणि रुग्णालयाने त्यापायी अधिक आकारणी केली, तर तो भार कंपनीने सोसावयाचा, तोही भागधारकांच्या निधीतून. नियम चांगला आहे. परंतु घड्याळ कधी सुरू झाले हे दाखविणारा कागद हाती नसेल, तर हा हक्क बिनसहीच्या हुंडीसारखा ठरतो. मदत केंद्राकडे संभाषणाचे ध्वनिमुद्रण असते. ग्राहकाकडे बहुधा केवळ संताप असतो.

मंजुरी पाच वाजून वीस मिनिटांनी आली. खोलीचे वाढीव भाडे बिलात लागले होते, ते भरून सांगलीस पोहोचेपर्यंत दिवस मावळला. डबा दुपारीच संपला होता. अण्णा त्या रात्री न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास पत्र धाडले. त्यात रागाचा शब्द नव्हता. नऊ फोनच्या नऊ नोंदी आणि ईमेलची प्रत होती. दाद लागली नसती, तर प्राधिकरणाचे बीमा भरोसा संकेतस्थळ किंवा १५५२५५ हा क्रमांक होता, आणि त्यापुढे पुण्यातील विमा लोकपालांचे कार्यालय, जिथे तक्रारीस शुल्क पडत नाही. तिथवर जावे लागले नाही. बाराव्या दिवशी वाढीव भाड्याची रक्कम खात्यात जमा झाली.

पॉलिसीवरील पेढीचा क्रमांक बदलून आता सूनबाईंचा लावला आहे. त्यासाठी तीन फोन करावे लागले. तेही वहीत आहेत.