कडी काढा, मगच लिहा!

संध्याकाळची वेळ. पुनावळ्याच्या अंडरपासपाशी गाड्यांची ही लांब रांग! वर कात्रज-देहूरोड बाह्यवळणावरून ट्रक धडाडत चाललेत, खाली हिंजवडीहून घरी परतणारी मंडळी हळूहळू पुढे सरकताहेत. कुणी पेट्रोल वाचवायला मोटारसायकल बंद करतो. रांग हलली की अंगठ्याने बटण दाबतो. 'खर्रर्र...' आणि इंजिन सुरू!

मित्रांनो, या 'खर्रर्र'च्या क्षणात गाडीच्या पोटात एक संकट येऊन जातं, आणि स्वाराला त्याचा पत्ताही नसतो.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून नव्या मोटारसायकलींमधला कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. आता पेट्रोल कधी आणि किती फवारायचं, हे ईसीयू नावाचा एक छोटा संगणक ठरवतो. ठरवायचं कसं, हे त्याच्या फ्लॅश मेमरीत लिहून ठेवलेलं असतं. वीज गेली तरी फ्लॅश मेमरी काही विसरत नाही. नाहीतर दररोज सकाळी गाडी 'मी सुरू कशी होते बरं?' म्हणून विचारत बसली असती!

आता संकट काय ते पाहू. सेल्फ-स्टार्टर म्हणजे मोठा खादाड गडी. तो फिरू लागला की १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर खाली बसते. वीज अशी डळमळली की चिपकडे जाणाऱ्या तारांवर भलतेसलते इशारे उमटू शकतात. त्यातला एखादा 'लिही' असा निघाला तर? मेमरीतला एक आकडा बदलेल. आणि फ्लॅश विसरत नाही, म्हणजे ती चूकही विसरत नाही! गाडी बंद करून पुन्हा सुरू केली तरी आकडा चुकलेलाच.

हे टाळायला इंजिनियर मंडळींनी अनेक पहारेकरी नेमलेत. त्यातला सगळ्यात गमतीचा पहारेकरी चिपच्या आतच बसलेला असतो. त्याचं नाव आज्ञांची साखळी.

संगणकाच्या साध्या रॅममध्ये लिहिणं सोपं असतं. जागेचा पत्ता द्या, आकडा द्या, 'लिही'ची तार हलवा, झालं! फ्लॅश मात्र अशी ऐकत नाही. उदाहरणासाठी आपण एसएसटी ३९एसएफ०४० ही चिप घेऊ. हिच्यात ५१२ किलोबाइट माहिती मावते. वाचायचं असेल तर काही अट नाही, खुशाल वाचा. पण एक बाइट लिहायचा असेल, तर आधी ओळीने तीन सांकेतिक आज्ञा द्याव्या लागतात:

पत्ता ५५५५, आकडा एए.
पत्ता २एएए, आकडा ५५.
पत्ता ५५५५, आकडा ए०.

मग चौथ्या खेपेला खरा पत्ता आणि खरा आकडा. मधेच एखादी पायरी चुकली, की चिप सगळं सोडून देते आणि पुन्हा नुसती वाचून दाखवायला तयार होते.

आकड्यात अक्षरं कशी, असं वाटलं ना? ही सोळाच्या पटीतली मोजणी. ९ नंतर १० ते १५ साठी ए, बी, सी, डी, ई, एफ लिहायचं. आता वहीचं मागचं पान काढा. एए म्हणजे १०१०१०१०, आणि ५५ म्हणजे ०१०१०१०१. एकाखाली एक लिहून बघा. जिथे १ होता तिथे ०, जिथे ० होता तिथे १! पत्त्यांचंही तसंच. चिप त्यातल्या १५ तारा तपासते, आणि ५५५५ नंतर २एएए आलं की त्या पंधराच्या पंधरा तारा उलटतात.

असे आकडे का निवडले असतील? गोंधळात सगळ्या तारा एकदम वर जाणं किंवा एकदम खाली येणं सहज घडू शकतं. पण एकाआड एक तार वर, आणि लगेच नेमकं त्याच्या उलट? असं आपोआप घडणं महाकठीण.

किती कठीण, त्याचा हिशेबच करू या. पत्त्याच्या १५ तारा आणि आकड्याच्या ८, मिळून २३. प्रत्येक तार १ किंवा ०. म्हणजे २ ला २ ने गुणत २३ वेळा २ घ्यायचे. उत्तर येतं ८३,८८,६०८. आजी सांगते ना चौऱ्यांशी लक्ष योनी, जवळपास तेवढंच! तारा वाटेल तशा हलल्या, तर एक पायरी बरोबर पडण्याची शक्यता इतक्यांत एक. आणि इथे तर अशा तीन पायऱ्या, त्याही ओळीने.

पुसणं लिहिण्याहून गंभीर, म्हणून त्याला सहा पायऱ्या आहेत. एए, ५५, मग ८०, पुन्हा एए, ५५, आणि शेवटी ३० म्हटलं की ४ किलोबाइटचा एक कप्पा साफ. ३० ऐवजी १० म्हटलं की अख्खी चिप कोरी! 'नक्की पुसू ना?' असं आई दोनदा विचारते, तसंच.

पण पुसायचं कशाला? कारण फ्लॅशमध्ये लिहिताना १ चा ० करता येतो, ० चा १ करता येत नाही. त्यासाठी सगळा कप्पा पाटीसारखा पुसावा लागतो. ही मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली. एका झटक्यात पुसणं पाहून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि नाव पडलं फ्लॅश!

आता तुम्ही म्हणाल, 'हे आकडे तर तुम्ही आम्हाला सांगूनच टाकलेत. मग कसली आली राखण?' शाबास! इथेच खरी मेख आहे. हे आकडे गुपित नाहीतच. चिपच्या माहितीपत्रकात ते छापलेले असतात. ही दाराची कडी आहे, कुलूप नव्हे. कडीमुळे शेळी आत शिरत नाही, वाऱ्याने दार उघडत नाही. पण चोराला हात असतात, तो कडी काढतो.

२६ एप्रिल १९९९ ला हे जगाने पाहिलं. सीआयएच नावाच्या व्हायरसने त्या दिवशी असंख्य संगणकांना दगा दिला. काही संगणकांत तर त्याने फ्लॅशला बरोबर आज्ञा दिल्या आणि संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रामच बिघडवला. चिपचं काही चुकलं नव्हतं. तिने आज्ञा पाळली, एवढंच.

म्हणून आजच्या गाड्यांमध्ये कडीवर कुलूपही लावतात. चाकण-पिंपरीत बनणाऱ्या गाड्यांतली फ्लॅश आता बहुधा मुख्य चिपच्या आतच असते. तिचे सांकेतिक आकडे वेगळे असतात, पण रीत तीच. शिवाय सर्व्हिस सेंटरमधला लॅपटॉप जोडला, की ईसीयू आधी एक आकडा देऊन जणू कोडं घालतो. त्याचं बरोबर उत्तर दिलं तरच आत प्रवेश. हे मात्र खरं गुपित.

पण कडी काढून, कुलूप उघडून, जुनं पुसून झालंय आणि नवं अजून लिहायचंय, अशा वेळी वीज गेली तर? तेव्हा कुठलाच पहारेकरी उपयोगाचा नाही. पाटी अर्धीच राहणार! म्हणूनच चांगला मेकॅनिक नवा प्रोग्राम भरण्याआधी बॅटरीला बाहेरून वीज जोडतो. तुमच्या घरी फोनवर किंवा टीव्हीवर 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' असं येतं ना? धाकटा भाऊ स्विचकडे धावला, तर आधी त्याचा हात धरा. कारण नंतर सांगा!