जनुकांच्या बटणाचा गैरसमज

यकृताच्या पेशीत यकृताची जनुके असतात आणि मेंदूच्या पेशीत मेंदूची, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात काही अपवाद वगळता शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. १९९६ मध्ये डॉली मेंढी जन्मली ती प्रौढ मेंढीच्या कासेतल्या पेशीच्या केंद्रकापासून. म्हणजे कासेच्या पेशीतही डोळे, खूर, हृदय घडवणारी सगळी जनुके शाबूत होती; ती फक्त मिटलेली होती.

ती मिटतात कशी? माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडला तर सुमारे दोन मीटर भरतो. रिळाला दोरा गुंडाळावा तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांच्या एकेका पुंजक्याभोवती १४७ अक्षरजोड्यांचे जेमतेम पावणेदोन वेढे बसतात. डीएनए आणि प्रथिने यांची ही सगळी बांधणी म्हणजे क्रोमॅटिन. हिस्टोन म्हणजे नुसते बांधणीचे सामान, असे शास्त्रज्ञही दीर्घकाळ मानत होते. पण जीवरसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट ऑल्फ्री यांनी १९६४ मध्येच सुचवले होते की हिस्टोनांवर ॲसिटिल गट हे छोटे रासायनिक तुकडे चढले की जनुकाचे वाचन वाढत असावे. त्याची ठोस साखळी जुळायला १९९६ उजाडले. टेट्राहायमिना या एकपेशीय जीवात डेव्हिड ॲलिस यांच्या गटाला ॲसिटिल चढवणारे विकर सापडले आणि यीस्टमध्ये जनुके चालू करणाऱ्या एका परिचित प्रथिनाचे ते भाईबंद निघाले. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने ॲसिटिल उतरवणारे मानवी विकर शोधले; तेही यीस्टमध्ये जनुकांना आवर घालणाऱ्या प्रथिनाच्या कुळातले. मला हा जीवशास्त्रातला फार देखणा योग वाटतो.

हिस्टोनांच्या बाहेर लोंबणाऱ्या शेपटांवर धन प्रभार असतो, डीएनएवर ऋण. म्हणून दोघे घट्ट चिकटतात. ॲसिटिल गट हा धन प्रभार पुसतो आणि पकड सैल होते. शिवाय त्या खुणा ओळखून तिथे जमणारी वेगळी प्रथिने असतात, आणि पेशीची ऊर्जा खर्चून हिस्टोनांचे पुंजके सरकवणारी यंत्रेही.

सर्वांत चिवट गैरसमज मिथिल गट या दुसऱ्या रासायनिक खुणेबद्दलचा आहे. ‘मिथिल चढला की जनुक बंद’ हे वाक्य चांगल्या लेखांतही सापडते. पण एच-३ या हिस्टोनच्या चौथ्या स्थानावरच्या लायसिन या अमिनो आम्लावर तीन मिथिल गट असले तर ते बहुधा चालू जनुकाच्या सुरुवातीला दिसतात. तेच तीन गट पॉलिकोम्ब नावाच्या प्रथिनांनी सत्ताविसाव्या स्थानावरच्या लायसिनवर चढवले तर जनुक गप्प राहते. भ्रूणाच्या मूलपेशींत काही जनुकांवर या दोन्ही खुणा एकत्र असतात: जनुक शांत, पण तयारीत. खूण कुठे आहे आणि तिथे कोणते प्रथिन येऊन बसते, यावर सारे ठरते. चालू-बंद बटणाचे चित्र इथे पार अपुरे पडते.

हिस्टोनांवरचे मिथिल गट कायमचे, हीही समजूत होती. २००४ मध्ये यांग शी यांच्या प्रयोगशाळेने ते काढून टाकणारे विकर दाखवले आणि ती मोडली.

अशा खुणांच्या अभ्यासाला ‘एपिजेनेटिक्स’ म्हणतात; अलीकडे गर्भसंस्काराच्या जाहिरातींतही हा शब्द येतो. परिस्थितीचा परिणाम होतो, हे खरे. १९४४-४५ च्या डच दुष्काळात गर्भावस्थेचा आरंभीचा काळ गेलेल्यांच्या थेट डीएनएवर चढलेल्या मिथिल खुणांत साठ वर्षांनंतरही थोडे फरक आढळले. पण बीजपेशी घडताना आणि फलनानंतर यांपैकी बहुतेक खुणा पुसल्या जातात. विचारांनी हवे ते जनुक उघडता येते याला कसलाही पुरावा नाही, आणि गरोदर बाईच्या माथी असा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते.

नेमके हवे तेच जनुक उघडणे औषधांनाही अवघड जाते. ॲसिटिल उतरवणाऱ्या विकरांना रोखणारे व्होरिनोस्टॅट २००६ मध्ये त्वचेच्या एका लिम्फोमासाठी अमेरिकेत मंजूर झाले. ते एकाच वेळी असंख्य जनुकांवर परिणाम करते. थकवा, जुलाब, प्लेटलेट घटणे हे त्रासही होतात. २०२० मध्ये तिथेच एपिथेलॉइड सार्कोमासाठी मान्य झालेल्या टॅझेमेटोस्टॅटमागचा तर्क अधिक नेमका आहे. या कर्करोगात पुंजके सरकवणाऱ्या यंत्राचा एक भाग बहुधा हरवलेला असतो, त्यामुळे पॉलिकोम्बच्या मिथिल चढवणाऱ्या विकराला विरोध उरत नाही. हे औषध त्या विकरालाच अडवते.