बाहुलीचे औषध घरातच

संग्रहातील बाहुली मोडली की आपण प्रथम बाजारातील गोंद आणि रंग शोधतो. वस्तुतः तिचे औषध बहुधा घरातच असते. मात्र ती कशाची घडली आहे, हे आधी ओळखले पाहिजे.

विजयवाड्याजवळील कोंडापल्लीच्या बाहुल्या हलक्या लाकडाच्या. त्यांचे हातपाय कारागीर चिंचोक्यांची खळ व लाकडाचा भुसा यांनी जोडतात. आपणही चिंचोके भाजून, सोलून, त्यांचे पीठ पाण्यात शिजवावे. त्यात भुसा कालवून निखळलेला हात बसवावा आणि वाळेपर्यंत दोऱ्याने बांधून ठेवावा. चन्नपट्टणच्या बाहुल्यांवर लाखेचा रंग असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून त्या कोरड्या मऊ फडक्यानेच पुसाव्यात. चिंधीच्या बाहुलीला जुन्या लुगड्याचा काठ पुरेसा होतो.

ठेवताना वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. धुतलेल्या जुन्या धोतराचे कापड गुंडाळावे. डांबराच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या बाहुलीला टेकू देऊ नयेत.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : मूळ रंगावर नवा रंग चढवू नये. आजीपासून नातीपर्यंतच्या हातांनी झिजलेला गाल हीच त्या बाहुलीची खरी श्रीमंती. ती एकदा झाकली गेली की पुन्हा विकत मिळत नाही.