शत्रूच्या दप्तरातील कोथळीगड

कर्जत-मुरबाड मार्गावरील कशेळे गावाहून जांबरुखमार्गे आंबिवलीस गेले, म्हणजे पेठच्या माथ्यावरील कोथळीगडाचा सुळका दृष्टीस पडतो. आणि ज्याने त्या सुळक्याच्या पोटातून कातळात कोरून काढलेला जिना चढून पाहिला आहे, गुहेतील नक्षीदार खांब निरखले आहेत, त्याला हा गड आकाराने लहान असला तरी सामान्य नव्हे, हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु येथे काय प्रसंग गुदरला, हे समजण्यास कागदच धुंडाळावे लागतात, आणि तेही बहुतांशी परपक्षाचे.

याच मुलखात, खालापूरकडील उंबरखिंडीत, १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची कोंडी केली. त्या विजयाचे वर्णन कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात आहे आणि त्या जागी स्मारकही उभे आहे. कोथळीगडाला असा कवी लाभला नाही. १६८४ च्या अखेरीस, संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, औरंगजेबाचा सरदार अब्दुल कादर याने हा गड घेतला. आपलीच माणसे हत्यारे नेण्यास आली, अशा समजुतीने दरवाजा उघडला गेला आणि मोगल आत शिरले, अशी हकीकत आहे. गड परत घेण्यासाठी मराठ्यांनी निकराची झुंज दिली, तीत मराठ्यांचे सरदार नारोजी त्रिंबक कामी आले.

असे पराभव मराठी वाचकाच्या नजरेसमोर आणण्यात सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांचा वाटा फार मोठा आहे. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेतील हा अधिकारी आदिलाबादच्या गोंडांत राहून गोंडी शिकला, तिचे व्याकरण लिहिता झाला, आणि पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाची जबाबदारी सांभाळीत असतानाच, भीमसेन सक्सेना, साकी मुस्तैदखान आदी मोगल लेखकांचे फारसी ग्रंथ आणि दरबारची अखबारे, म्हणजे बातमीपत्रे, त्याने मराठीत उतरविली. कूच-मुक्काम, बढत्या, रसदेची टंचाई, किल्लेदारांची फितुरी, असा युद्धाचा रोजचा, रुक्ष, पण खरा तपशील या कागदांत सापडतो. मोगल लेखक स्वपक्षाचा बडेजाव करतो, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा लागतो. पण तेवढ्यासाठी त्याला दूर लोटणे म्हणजे आपल्याच सैनिकांच्या मरणाची नोंद पुसून टाकणे होय. १९९२ साली पगडींना पद्मभूषण मिळाले. माझ्या मते त्यांचा खरा सन्मान त्यांचे अनुवाद हाती धरून गड पाहण्यात आहे.

बुरुजांची डागडुजी, टाक्यांतील गाळ काढणे ही कामे तरुण मंडळी आज हौसेने करतात, ते स्तुत्यच आहे. मात्र दगड सावरले आणि त्यांची हकीकत हरवली, तर जतन निम्मेच झाले. म्हणून कशेळ्याच्या वाटेने सुटीच्या दिवशी गडावर जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की कातळावर नावे कोरू नयेत, आणि आपल्यापैकी दोघा-चौघांनी तरी मोडी व फारसी शिकण्यास आजच आरंभ करावा.